परिचयात घर, वाद्य आणि माळरान: काय लिहायचं, किती लिहायचं?

माळाचा_वाटाड्या (सकाळी ७:५२)

माळरानाच्या कामासाठी नवी माणसं घ्यायची वेळ आली की एक पानाचा परिचय मागवतात. तीन गोष्टी विचारतात: घरची पार्श्वभूमी, गाणं-वाजवणं काही येत असेल तर ते, आणि उघड्यावर केलेलं निसर्गाचं काम. मर्यादा २०० शब्द. वाचणारे दोघं, गटाचा समन्वयक आणि त्या बीटचा (वन खात्यानं वाटून दिलेल्या भागाचा) वनरक्षक. दोघांनाही एकच कळून घ्यायचं असतं की हा माणूस रविवारी सकाळी सहाला नान्नजच्या (सोलापूरजवळच्या माळढोक अभयारण्याच्या) रस्त्याला लागला तर त्याच्या हाती काय द्यायचं.

नेहमीच्या चुका गोळा करून एक नमुना तयार केलाय. चिरफाड करा:

"मी एका प्रतिष्ठित विणकर घराण्यातील असून संगीताची मला लहानपणापासून प्रचंड आवड आहे. निसर्गावर माझे नितांत प्रेम आहे. आजवर अनेक वृक्षारोपण कार्यक्रमांत सहभाग घेतला. नान्नज येथे माळढोकाचे दर्शन घेण्याचे भाग्य लाभले. पर्यावरणासाठी काहीतरी करण्याची इच्छा आहे."

धोटा_कांडी (८:२०)

पहिल्याच ओळीत तीन शब्द वाया. "प्रतिष्ठित" काढा, ते दुसऱ्यानं म्हणायचं असतं. "घराणं"ही काढा. शेजारच्याच ओळीत संगीत आहे, वाचणाऱ्याला वाटेल किराणा की ग्वाल्हेर. "घरी माग आहे" एवढं पुरतं.

"विणकर" म्हणजे तरी काय? हातमाग, यंत्रमाग, की फक्त कारखान्याचा हिशेब? चादरीचा जकार्ड की टॉवेलचा माग? सोलापुरात हे विचारणारच. आणि घरातलं हाताला काय आलं ते लिहा. तुटलेला ताणा (उभा धागा) शोधून गाठ मारता येते, कांडी (आडव्या धाग्याची नळी) भरता येते, माग कुठे अडकला ते आवाजावरून कळतं, यातलं काहीही चालेल. शेकडो धाग्यांत एक तुटलेला धागा हेरणारी नजर गवतात धाविक पक्ष्याचं अंडं पायाखाली येण्याआधी हेरते. हा पक्षी मातीच्या रंगाची अंडी सरळ जमिनीवर घालतो, घरटं म्हणून काही नसतंच.

भाषा तर लिहाच, बहुतेक जण नेमकं तेच विसरतात. पूर्व भागातल्या घरात तेलुगू, अक्कलकोट-दक्षिण सोलापूरकडे कन्नड, तांड्यावर बंजारा, शहरात दखनी. "बोलता येते" आणि "कळते" हे वेगळं लिहा. कन्नड नुसती कळणाऱ्याला मेंढपाळाशी बोलायला पाठवलं तर दोघंही हसून परत येतात, माहिती शून्य.

बाळीवेशीकर (८:४१)

जात लिहायची का, हा प्रश्न कुणीतरी विचारणारच, म्हणून आधीच. कुणी मागितलेली नाही, गरजही नाही. पण "आमच्यात हलगी पिढीजात आहे" असं कुणाला लिहायचं असेल तर मान वर करून लिहावं. ते कौशल्य आहे. उलट हलगीचं "पारंपरिक तालवाद्य" करून कुठलं वाद्य तेच लपवणारेही असतात. हलगी म्हणजे हलगी. लिहा की थेट.

आणि मालक, "तालीम घेतली" हे जपून. आपल्याकडे तालीम म्हणजे आखाडा आणि गणपती मंडळही. "तालमीत शिकलो" वाचून समन्वयकाला लेझीम वाटेल की ख्याल, सांगता येत नाही. कोणतं वाद्य, किती वर्षं, कुठे वाजवता, बास.

काळी_दोन (९:०५)

संगीताच्या ओळीबद्दल. "प्रचंड आवड" म्हणजे गाणी ऐकतो. ते सगळेच ऐकतात. गात असाल तर पट्टी (पेटीवरचा तुमचा सा) लिहा, काळी एक, पांढरी चार, जी असेल ती. शिबिरात पेटी एकच असते आणि प्रार्थनेला पट्टी ठरवण्यातच पंधरा मिनिटं जातात.

हलगीवाल्यांसाठी मात्र जरा सविस्तर, कारण इथे वाद्य आणि माळ एकमेकांच्या मुळावर येतात.

हलगीचं कातडं दमट हवेत सैल पडतं, आवाज भद्द येतो. म्हणून वाजवण्याआधी शेकतात. कागद किंवा काडीकचऱ्याचा जाळ करायचा, कातड्याची बाजू जाळाकडे धरून हातभर अंतरावर गोल फिरवत राहायची, मधेच बोटानं टिचकी मारून बघायचं. एका जागी धरली की मधला भाग करपतो. फार जवळ नेली की कातडं एकदम आकसतं आणि कड्यापाशी फाटतं. चौकात हे सगळं ठीक. माळावर नाही. दिवाळीनंतर गवत वाळायला लागतं, आणि वन खातं १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम धरतं. कुसळीच्या वाळल्या गवतात कागदाचा एक पेटता तुकडा वाऱ्यानं उडाला की विझवायला फक्त झाडाच्या फांद्या हातात असतात.

उपाय सोपा आहे. आपलं ऊन कशाला आहे? दहा वाजेपर्यंत कातड्याची बाजू उन्हाकडे करून पाच-सात मिनिटं ठेवा, चढते. एप्रिल-मेमध्ये तर उलटी काळजी, जास्त चढून रात्रीतून फुटते. वाजवून झाल्यावर सावलीत, सुती कापडात गुंडाळून ठेवायची, गाडीच्या डिकीत नाही. फायबरच्या पानाची (कातड्याऐवजी फायबरचा पडदा असलेली) हलगी असेल तर शेकायचा प्रश्नच नाही, आवाज थोडा पत्र्यासारखा येतो, चालवून घ्यायचं.

म्हणून परिचयात लिहा: "हलगी वाजवतो, फायबरचं पान आहे, जाळ लागत नाही." वनरक्षक ही ओळ दोनदा वाचेल.

पवन्या (९:३८)

नमुन्यातलं सगळ्यात धोक्याचं वाक्य वृक्षारोपणाचं आहे आणि लिहिणाऱ्याला तेच सगळ्यात भारी वाटतं.

माळरान म्हणजे झाडं नसलेलं, बिघडलेलं जंगल नव्हे. पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस, मुरमाड उथळ माती, इथे गवतच मूळ मालक. पवन्या, मारवेल, डोंगरी, कुसळी. माळढोक, धाविक, पखुर्डी, चंडोल, काळवीट, खोकड, लांडगा हे सगळे मोकळ्या नजरेवर जगतात. मधे झाडांच्या रांगा लावल्या की कावळे आणि शिकारी पक्ष्यांना बसायला जागा मिळते, जमिनीवरची अंडी जातात. खड्डे खणताना गवताची मुळं उखडतात आणि त्या मोकळ्या मातीत पहिलं येतं गाजर गवत.

म्हणजे झाडं लावलीत हे लपवायचं का? नाही. कुठे लावलीत ते लिहा. शाळेच्या आवारात, तलावाच्या बांधावर, स्मृतीवनात लावली असतील तर चांगलंच आहे. माळावर लावली असतील तर समन्वयक विचारेल, उत्तर तयार ठेवा.

वेडी बाभूळ (बाहेरून आलेलं, माळावर पसरणारं काटेरी झाड) काढलीत का, हे त्याहून महत्त्वाचं. काढली असेल तर कशी, हे लिहा. कारण नुसती कापणारे काम वाढवून ठेवतात. जमिनीलगत कोयत्यानं तोडली की बुंध्यातून एकाच्या जागी पाच-सात फुटवे येतात. गुडघ्याएवढी रोपं दोन चांगले पाऊस झाल्यावर, माती ओली असताना, मुळासकट उपटायची. मोठी असेल तर बुंध्याभोवती वीतभर ते फूटभर खोल खणून, मूळ जिथे जाड होतं त्याच्या खाली तोडायची. दीड महिन्यानं त्याच जागी परत जाऊन फुटवे बघायचे, ही फेरी चुकली की मागची मेहनत फुकट. शेंगा पिकायच्या आत काम उरकायचं. शेळ्या-गुरं शेंगा खातात आणि बी लेंड्यांतून पुढच्या माळावर जातं. तोडलेल्या फांद्या ओढून नेताना शेंगा वाटेत गळतात, त्या गोणीत भरा. काटा साध्या चपलेतून आरपार जातो.

आणि हे सगळं अभयारण्याच्या हद्दीत वन खात्याच्या परवानगीशिवाय करायचं नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं आत जायलाही परवानगी लागते. हद्द कुठली, हे बीटवर विचारूनच पाऊल टाका. १९७९ साली अभयारण्य झालं तेव्हा ८,४९६ चौरस किलोमीटर होतं, पुढे १,२२२ पर्यंत खाली आलं, त्यामुळे जुने नकाशे आणि आजची हद्द जुळत नाही.

नवखा_सोलापूरकर (९:५०)

गवताचं बी गोळा केलंय, तेही लिहायचं का? आणि घरचा धंदा गवंडीकाम आहे, त्याचा इथे काय संबंध?

पवन्या (१०:११)

बी लिहा की. पण कोणत्या गवताचं, कधी, किती. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कणीस तपकिरी होऊन हात फिरवल्यावर बी सुटायला लागलं की गोळा करायचं. हिरवं खुडलं तर पोकळ निघतं. पसरून सावलीत वाळवायचं, कापडी पिशवीत ठेवायचं, प्लॅस्टिकमध्ये बुरशी धरते. ताजं बी लगेच उगवत नाही, काही महिने निजतं, म्हणून जूनचा पेरा बरोबर बसतो. बी हलकं आणि केसाळ, वाऱ्यानं उडतं. ओलसर माती आणि शेणात कालवून हरभऱ्याएवढ्या गोळ्या केल्या तर जागेवर राहतं. बोराएवढ्या केल्या की मधलं बी गुदमरतं.

एक आगाऊ सल्ला. कुसळीत जाताना गळ्यात सोलापुरी टॉवेल घालू नका. त्याच्या फाशांत कुसळं अशी घुसतात की टॉवेल फेकावा लागतो. सपाट विणीचा पंचा घ्या. पायाला मोज्यांवरून पोटरीपर्यंत जाड कापडाची पट्टी.

पाणवठा_दुरुस्ती (१०:३४)

गवंडीकामाचा संबंध नाही? अहो, तेच पहिल्या ओळीत लिहा! प्रत्येक गटाला पक्षी ओळखणारे दहा मिळतात, तडा बुजवणारा एकही मिळत नाही.

माळावरचा पाणवठा बशीसारखा असतो. अडीच मीटर व्यास, मध्यावर २५ सेंटिमीटर खोल, काठापासून मध्यापर्यंत सलग उतार. चौकोनी टाकं बांधलं की तितराची पिल्लं, ससे, घोरपडी आत पडून बुडतात, बाहेर यायला उतारच नसतो. अशा बशीत साधारण ४०० लिटर पाणी मावतं. उन्हाळ्यात रोज सेंटिमीटरभर नुसती वाफ होते, म्हणजे भरल्या बशीतून पन्नासेक लिटर, आणि पिण्याचं वेगळं. म्हणून चौथ्या-पाचव्या दिवशी भरावंच लागतं. "आठवड्यातून एकदा टँकर" ठरवणाऱ्यांच्या बशा शनिवारी कोरड्या दिसतात.

तडा जातो तो बहुतेक काठाला, कारण तिथे थर पातळ सुटलेला असतो आणि ओलं-कोरडं सारखं चालू. वरून नुसता सिमेंटचा घोळ फासला तर महिन्यात पापुद्रा निघतो. तडा छिन्नीनं इंग्रजी व्हीसारखा उघडायचा, धूळ काढून पाणी मारायचं, मग एकास तीन सिमेंट-वाळू दाबून भरायची. ओली गोणपाटं टाकून सात दिवस पाणी मारायचं. सोलापूरच्या उन्हात हे सात दिवस चुकवले की पुन्हा तडा. नव्या सिमेंटचं पहिलं आणि दुसरं पाणी उपसून टाकायचं, मगच जनावरांसाठी भरायचं. शेवाळ काथ्याच्या ब्रशनं घासायचं. साबण, ब्लीचिंग पावडर अजिबात नाही.

परिचयात एवढंच: "गवंडीकाम येतं, स्वतःची थापी-ओळंबा आहे."

टिटवी (११:१७)

माळढोकाचं "दर्शन" काढून टाका. पक्षी आता इतका दुर्मीळ आहे की वाचणारा आधी शंका घेतो, मग तारीख-जागा विचारतो. जागा तर कुठेच लिहू नये. मादी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर, आणि गर्दी झाली की विणीची जागाच सोडते. दिसणं हे नशीब, परिचयात काम लिहायचं.

पक्ष्यांची मोजणी केली असेल तर पद्धत लिहा. नसेल तर "केलेली नाही" लिहा, ते जास्त आवडतं. चुकीच्या सवयी मोडण्यापेक्षा कोरा माणूस शिकवणं सोपं.

इथेच वाजवणाऱ्यांचा खरा उपयोग आहे आणि तो कुणी लिहीत नाही. रेषेवर चालून मोजताना दोघं जण २ किलोमीटर चालतात, एक बघतो, एक लिहितो. सूर्य उगवल्यापासून दोन तासांच्या आत. चाल सारखी हवी. घाईनं चाललं की चंडोल सुटतात, रेंगाळलं की तोच पक्षी पुढे उडून परत मोजला जातो. आता हिशेब बघा: आधी ५० मीटरची दोरी जमिनीवर टाकून पावलं मोजा. ८० भरली तर केरव्याची (आठ मात्रांचा ताल) बरोबर दहा आवर्तनं. मनात केरवा धरून मिनिटाला ६० पावलं टाकली तर मिनिटाला साडेसदतीस मीटर, २ किलोमीटरला ५३ मिनिटं, थांबे वेगळे. दर दहाव्या आवर्तनाला लिहिणाऱ्यानं रेघ ओढायची. यंत्र नसलं तरी अंतर फार चुकत नाही. चढावर पाऊल आखूड पडतं, म्हणून दोरी सपाटीवर एकदा आणि चढावर एकदा टाकायची.

धोका एकच. हलगीवाल्याची लय चढते! शेवटच्या अर्ध्या किलोमीटरला तो जवळजवळ पळत असतो.

काळी_दोन (११:२९)

मान्य. ठेका धरायला पखवाजवाला घ्या, विलंबित (संथ लय) त्याच्या हाडात असतं. कानाचंही लिहा. डोंबारी चंडोलाचा नर वर चढतो आणि खाली झेपावताना लांब शीळ घालतो, खाली उतरणाऱ्या मींडेसारखी (सूर न तोडता घसरत येणारी). गाणाऱ्याला एकदा ऐकवलं की तो न बघता ओळखतो. तुमच्या नावाचा पक्षी तर साधा आहे: लांबून ठाय (संथ) लयीत ओरडत असतो, अंड्यांच्या जवळ गेलात की दुगुन (दुप्पट लय) करतो. दुगुन ऐकू आली की आल्या पावली मागे फिरायचं, जागा शोधत बसायचं नाही.

टिटवी (११:३६)

आणि ध्वनिमुद्रण करणार असाल तर फोनच्या माइकवर पातळ मोजा चढवा, माळावरचा वारा सगळं खातो. एक-दोन मिनिटं हलायचं नाही, शेवटी तारीख-वेळ स्वतःच्या आवाजात बोलून ठेवायची. विणीच्या दिवसांत पक्ष्याला त्याचाच आवाज वाजवून दाखवायचा नाही.

धोटा_कांडी (दुपारी १२:०२)

मेंढपाळांबद्दल राहिलं. परिचयात "स्थानिकांमध्ये जनजागृती करीन" असं लिहू नका. कोणता पाणवठा आटला, कोणत्या पट्ट्यात गवत आलं, हे त्यांना आधी कळतं. "धनगरांशी बोलता येतं, नोंदी घेऊ शकतो" असं लिहा. आणि पहिल्याच भेटीत लांडग्याचं बीळ कुठे आहे ते विचारायचं नाही. ज्याची मेंढी गेलीय तो सांगणार नाही, आणि सांगितलंच तर का सांगतोय याची काळजी करा.

बाळीवेशीकर (१२:१५)

उपलब्धता! कुणीच बोललं नाही. पाणपक्ष्यांची गणना जानेवारीत असते, हिप्परगा आणि कंबर तलावावर माणसं लागतात, आणि आपली निम्मी पोरं त्या वेळी गड्ड्यात (सिद्धेश्वराच्या यात्रेत). नंदीध्वज (यात्रेतली मानाची उंच काठी) पेलणारा माणूस संक्रांतीच्या आधी कितीतरी दिवस सरावात असतो. सातही नंदीध्वजांची मिरवणूक आणि अक्षता सोडून तो तलावावर येणार नाही आणि येऊही नये. "संक्रांतीचा आठवडा सोडून" असं सरळ लिहून टाका. वनरक्षकही बहुतेक इथलाच असतो, त्याला कळतं.

माळाचा_वाटाड्या (१:४०)

सगळं धरून नमुना पुन्हा लिहिलाय. कल्पित माणूस, पण असा आला तर लगेच घेऊ:

"घर पूर्व भागात, घरी टॉवेलचे दोन यंत्रमाग. तेलुगू, मराठी बोलता येते. कन्नड कळते, बोलता येत नाही. तुटलेला ताणा जोडणं, कांडी भरणं, मागाची किरकोळ दुरुस्ती जमते. हलगी सहा वर्षं, लेझमीच्या साथीला. फायबरचं पान, जाळ लागत नाही. लय चढते, मोजणीत दुसऱ्याच्या ठेक्यावर चालेन. दोन पावसाळे रविवारी तीन-तीन तास वेडी बाभूळ उपटली, गावच्या गायरानात, ग्रामपंचायतीला विचारून. दीड महिन्यानं फुटव्यांची फेरी पहिल्या वर्षी चुकली, दुसऱ्या वर्षी केली. झाडं लावली ती शाळेच्या आवारात. पक्ष्यांची मोजणी केलेली नाही. पंधरा-वीस पक्षी दिसल्यावर ओळखता येतात, आवाजावरून चार. मोटारसायकल आहे. रविवार मोकळा, संक्रांतीचा आठवडा सोडून. उन्हाचा त्रास होत नाही, डाव्या गुडघ्याचा होतो. ओझं उचलणं टाळावं लागतं."

पाणवठा_दुरुस्ती (१:५८)

गुडघ्याचं लिहिलं ते फार बरं केलं. सिमेंटची गोणी कुणाला उचलायला सांगायची नाही ते आधीच कळलं. फक्त रक्तगट आणि घरचा एक फोन नंबर राहिला. ते परिचयात नको, वेगळ्या चिठ्ठीवर घ्या. परिचय दहा जणांच्या हातून फिरतो.

टिटवी (२:०६)

"आवाजावरून चार" कुठले, ते कंसात लिहायला सांगा. तितर, टिटवी, मोर आणि कोकिळा असतील तर ते सोलापुरात सगळ्यांनाच येतात.